रोज रात्री नऊला नेट रडतं: दोष घरात, गल्लीत की पुढे, हे कसं शोधायचं

सकाळी सात वाजता स्पीड टेस्ट लावली तर ९६ एमबीपीएस. दुपारी दोनला ९४. रात्री सव्वानऊला ११, आणि मीटिंगमधल्या माणसाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. अकरा वाजले की पुन्हा सगळं ठणठणीत.

ही तक्रार मी गेली नऊ वर्षं ऐकतोय. आधी पुण्यातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कवर काम केलं, आता दुसरीकडे करतो. पण सोसायटीत, नातेवाइकांत, मित्रांत प्रश्न तोच असतो. कस्टमर केअरला फोन लावला की उत्तर मिळतं, ‘राउटर बंद करून चालू करा.’ माणूस वीस मिनिटं होल्डवर थांबतो, राउटर बंद-चालू करतो, तोवर अकरा वाजायला आलेले असतात आणि नेट आपसूक सुधारतं. बंद-चालू केल्याचा गुण आला असं दोन्ही बाजूंना वाटतं. तक्रार बंद होते. दुसऱ्या दिवशी रात्री नऊला पुन्हा तेच.

म्हणून माझं सांगणं असं, की नेट किती मंद होतं यापेक्षा ते केव्हा मंद होतं हे आधी लिहून काढा. वेळ कळली की दोषाची जागा निम्मी सापडते.

आधी घड्याळ

एक वही घ्या किंवा फोनमध्ये नोंद करा. आठवडाभर, नेट अडकलं की वेळ लिहायची. एवढंच. आठवड्यानंतर त्या नोंदीकडे बघितलं की नमुना दिसतो.

रोज आठ ते अकरा, शनिवार-रविवारी थोडं आधीपासून, असा नमुना असेल तर ती गर्दी आहे. कुठली गर्दी ते पुढे बघू. दिवसात कधीही, मिनिट-दोन मिनिटं पूर्ण तुटतं आणि परत जोडलं जातं, मोडेमवर लाल दिवा लागतो, तर काचेच्या तारेतून (फायबरमधून) येणारा प्रकाश नीट पोचत नाहीये. पाऊस सुरू झाल्यावर तास-दोन तासांनी तुटत असेल, तर बाहेर कुठल्या तरी जॉइंटात पाणी शिरतंय. लाइट गेल्यावर तुमच्या घरचा इन्व्हर्टर चालू असूनही पंधरा-वीस मिनिटांत नेट जात असेल, तर कंपनीच्या पेटीतली बॅटरी म्हातारी झालीय. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मंद आणि एक तारखेला किंवा बिलाच्या तारखेला झकास, तर ‘अनलिमिटेड’ प्लॅनच्या आत लपलेली डेटाची मर्यादा संपतेय. ठरावीक तासांनी, अगदी घड्याळ लावून तुटत असेल, तर लॉगिनचं सेशन संपून नव्याने सुरू होतंय. ते कंपनीने सेटिंग बदललं की दोन मिनिटांत बरं होतं. आणि वेळेशी काहीच संबंध नाही, फक्त मागच्या बेडरूममध्येच त्रास होतो, तर तो वायफायचा प्रश्न आहे. त्यात इंटरनेट कंपनीचा दोष नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींची रोज रात्री साडेआठ ते साडेदहा अमेरिकेतल्या टीमबरोबर मीटिंग असते. त्यांच्या वहीत आठ दिवसांत दोन नमुने निघाले. रोज नऊ ते अकरा मंद, हा एक. आणि मधूनच, सकाळीसुद्धा, मिनिटभर पूर्ण बंद, हा दुसरा. म्हणजे दोन वेगळे दोष एकावर एक बसले होते. सहा महिने कोणालाच ते उमगलं नव्हतं, कारण दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात सांगितल्या जात होत्या: ‘नेट नीट चालत नाही.’

वायफाय बाजूला काढा

हे केल्याशिवाय पुढचं काहीही मोजू नका. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. लॅपटॉपला केबलचं भोक नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो, सोसायटीत एक घेऊन ठेवला तरी सगळ्यांना पुरतो.

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. वीस राउटर त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसतात आणि संध्याकाळी सगळे एकदम बोलायला लागतात. म्हणजे रात्री नऊची मंदी वायफायमुळेसुद्धा येऊ शकते. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण भिंती ओलांडायला तो कच्चा. राउटर टीव्हीखालच्या बंद कपाटात किंवा चपलांच्या रॅकमध्ये असेल तर आधी तो बाहेर काढा.

केबल लावूनही आकडा ९३-९५च्या वर कधीच जात नसेल आणि प्लॅन २०० किंवा ३००चा असेल, तर राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे किंवा केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या नीट बसल्यात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, दोन जोड्यांवर गाडी १००वरच अडते. कंपनीशी भांडण्याआधी ही केबल बदलून बघा.

तीन पिंग

आता खरी परीक्षा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते मोजणं. आधी ट्रेसरूट चालवा, डेटा कुठल्या टप्प्यांनी जातो ते तो दाखवतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून टी-आर-ए-सी-ई-आर-टी आणि पुढे ८.८.८.८ टाकायचं, अर्थात इंग्रजी आकड्यांत. पहिली ओळ तुमचा राउटर, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. दुसरी ओळ कंपनीचा पहिला टप्पा. तो पत्ता पुष्कळदा १०ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असतो. कंपन्यांकडे सार्वजनिक पत्ते कमी पडतात म्हणून एका पत्त्यामागे अनेक घरं बसवतात, त्या व्यवस्थेसाठी राखून ठेवलेला हा पट्टा आहे.

हे दोन पत्ते आणि बाहेरचा, गूगलचा ८.८.८.८, असे तीन पिंग तीन खिडक्यांत चालू ठेवा. सकाळी पाच मिनिटं, रात्री साडेनऊला पाच मिनिटं. आकडे लिहून घ्या.

केबलवरून राउटरचा पिंग एक मिलिसेकंदाच्या आत हवा. तोच उड्या मारत असेल तर दोष घरात. राउटर शांत, पण कंपनीचा पहिला टप्पा सकाळी ४ आणि रात्री ९० दाखवत असेल तर दोष तुमच्या घरापासून कंपनीच्या खोलीपर्यंतच्या रस्त्यावर. पहिला टप्पा रात्रीही ४वरच आणि फक्त बाहेरचा पत्ता बिघडलेला, तर कंपनीने पुढे घेतलेली वाट अपुरी पडतेय.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ट्रेसरूटमध्ये मधल्याच एका टप्प्यावर आकडा मोठा किंवा फुल्या दिसल्या आणि त्याच्या पुढचे टप्पे व्यवस्थित असले, तर तो दोष नाही. मोठे राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम सगळ्यात शेवटी करतात, त्यांचं खरं काम डेटा पुढे ढकलण्याचं. बिघाड असेल तर तो त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत दिसत राहतो. हे न कळल्यामुळे कित्येक जण चुकीच्या जागी बोट दाखवतात आणि कंपनीचा इंजिनिअर त्यांची तक्रार तिथेच निकालात काढतो.

वहिनींच्या घरी रात्री साडेनऊला राउटर ०.६, पहिला टप्पा ७० ते १२०, बाहेरचा त्याहून थोडा जास्त. म्हणजे मंदी गल्लीतच होती.

प्रकाश किती पोचतो

गल्लीतला दोष दोन प्रकारचा: प्रकाश कमी किंवा गर्दी जास्त. प्रकाश आधी तपासावा, कारण तो घरबसल्या कळतो.

मोडेमच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून, ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ नावाच्या भागात ‘आरएक्स पॉवर’ असा उणे आकडा दिसतो. लाइनमन याला नुसतं ‘पॉवर’ म्हणतात. ‘पॉवर किती येतेय?’ ‘मायनस बावीस.’ आकडा शून्याच्या जेवढा जवळ तेवढा प्रकाश जास्त. नेहमीच्या जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) मोडेमची सहनशक्ती उणे २७पर्यंत असते. त्याच्या पलीकडे तो आंधळा होऊ लागतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. उणे २५च्या पुढे गेलं की लक्ष ठेवा.

तो आकडा येतो कुठून, हा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. कंपनीच्या यंत्रातून समजा अधिक ३ने प्रकाश निघाला. वाटेत तो आठ घरांत वाटणारा एक स्प्लिटर आणि पुढे आणखी आठांत वाटणारा दुसरा. प्रत्येकात साधारण साडेदहा डीबी (डेसिबल, प्रकाशाची घट मोजायचं माप) जातात, म्हणजे २१. तीन किलोमीटर काचेच्या तारेत एक डीबी. जॉइंट आणि कनेक्टर मिळून दीड. तीनातून साडेतेवीस गेले, उरले उणे साडेवीस. तुमच्याकडे उणे २१ दिसत असेल तर काम चोख झालंय. उणे २७ दिसत असेल तर वाटेत कुठेतरी सहा-साडेसहा डीबी गळतायत, आणि तीन डीबी गेले म्हणजे प्रकाश निम्मा झाला. सहा गेले तर पाव उरला.

हे गळतं कुठे? बहुतेक वेळा घरातच. वहिनींकडे आकडा उणे २८.४ होता. लाइनमन मुलगा आला, मीटर लावला आणि म्हणाला, ‘साहेब, मायनस अठ्ठावीस येतेय, नेट चालतंय हेच नशीब.’ टीव्हीचं युनिट पुढे ओढलं तर मागे पांढरी पॅच कॉर्ड (मोडेमला जोडणारी फायबरची छोटी तार) युनिट आणि भिंतीच्या मध्ये चेपून, चपातीची घडी घालावी तशी दुमडली होती. दिवाळीच्या साफसफाईनंतर युनिट मागे ढकललं होतं, आणि तेव्हापासूनच नेट मधूनच तुटायला लागलं होतं. वहिनींना तारीख आठवली तेव्हा आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

काचेच्या तारेतून प्रकाश आतल्या आत परावर्तित होत जातो. वळण फार आवळलं की तो कोनातून सुटून बाहेर पडतो. साध्या फायबरला तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण देऊ नये. घरासाठीच्या, वाकायला बनवलेल्या फायबरला सेंटिमीटरभरही चालतं. पण घडी कोणालाच चालत नाही. नवी कॉर्ड लावली, ती वाटीएवढ्या मोकळ्या वेटोळ्यात बांधली, आणि त्या मुलाने जाताजाता कनेक्टर पुसला. आकडा उणे २१.९. मिनिटभराचं तुटणं त्या दिवशी बंद झालं ते आजवर बंद आहे.

कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात घुसवला तर बसतो, पण मध्ये पाचर राहते आणि कित्येक डीबी तिथेच जातात. घाईत दुरुस्ती करणारे हे करतात. आणि तारेच्या टोकात डोळा लावून ‘प्रकाश येतोय का’ हे कधीही बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. पोरांनाही बजावून ठेवा.

पावसाळ्यातला त्रासही याच जातीचा. खांबावर किंवा गच्चीवर उघड्यावर लावलेला कनेक्टर, झाकण नीट न लावलेला क्लोजर, म्हणजे जॉइंटची डबी. पाऊस पडताना आणि कोरड्या दिवशी पॉवरचा आकडा टिपून ठेवा. फरक दोन डीबींपेक्षा जास्त असेल तर लाइनमनला नेमकं सांगता येतं की ‘बाहेरचा जॉइंट बघ.’

गर्दी कुठे होते

प्रकाश सुधारला, पण रात्री नऊची मंदी तशीच होती. पहिला टप्पा अजूनही नव्वद.

इथे लोक एक गोष्ट फसवणूक समजतात, ती फसवणूक नाही. १०० एमबीपीएसचा प्लॅन विकला म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी १०० एमबीपीएस वेगळे काढून ठेवलेले नसतात. जीपॉनच्या एका तारेवर २.४८८ जीबीपीएस उतरतात आणि त्या तारेवर ३२ किंवा ६४ घरं असतात. ६४ने भागलं तर घरटी ३९ येतात. तरीही नेट चालतं, कारण सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेगाने उतरवत नाहीत. इमारतीच्या टाकीचंही तसंच असतं. सगळे नळ एकदम सोडले तर वरच्या मजल्याला थेंब येणार नाही, पण एरवी कोणाला कळतही नाही.

आम्ही हिशेब करताना गर्दीच्या वेळी घरटी सरासरी दोन ते तीन एमबीपीएस धरायचो. ६४ घरं म्हणजे सव्वाशे ते दोनशे. अडीच जीबीपीएसच्या तारेला ते काहीच नाही. म्हणून ‘एका तारेवर फार घरं घातलीत’ ही तक्रार क्वचितच खरी असते. जुन्या ईपॉन पद्धतीत तारेवर एक जीबीपीएसच्या आसपासच मिळतं, तिथे जरा जपून.

खरी कोंडी पुढच्या पायरीवर होते. अशा सात-आठ तारा एका पेटीत येतात. ती पेटी आमच्या भाषेत ओएलटी. ती कुठल्या तरी इमारतीच्या जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत असते. तिच्यातून पुढे जाणारी वाट, म्हणजे अपलिंक, एकच असते, आणि छोट्या कंपन्यांमध्ये ती वाट कित्येकदा एक जीबीपीएसचीच राहिलेली असते. चारशे घरं, घरटी अडीच: हजार. वाट भरली. सुरुवातीला शंभर घरं होती तेव्हा एक जीबीपीएस ऐसपैस होतं. कनेक्शनं वाढली, वाट तेवढीच राहिली. कोणी मुद्दाम केलेलं नसतं, पण कोणी लक्षही दिलेलं नसतं, आणि त्याचा भार रात्री नऊला तुमच्यावर पडतो.

हे नेटवर्कवाल्यांना त्यांच्या आलेखावर लख्ख दिसतं. वापराचा आलेख संध्याकाळी सह्याद्रीसारखा चढतो, शिखर असतं, मग उतरतो. वाट भरली की शिखर येतच नाही, वर पाचगणीच्या टेबललँडसारखं सपाट पठार दिसतं. माथा सपाट दिसला की समजायचं, लोकांना आणखी हवं होतं आणि ते मिळालं नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २००६च्या ब्रॉडबँड नियमांत गर्दीच्या वेळी लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे असं होतं, आणि ९०च्या वर गेला तर ती लिंक कोंडलेली मानायची. ८० का, १०० का नाही? कारण हा आलेख पाच-पाच मिनिटांची सरासरी काढतो. सरासरी ८० असते तेव्हा त्या पाच मिनिटांतल्या कित्येक क्षणांना वाट शंभर टक्के भरलेली असते, पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत थांबतात, रांग भरली की टाकून दिली जातात. व्हिडिओ काही सेकंद आधीच साठवून ठेवतो म्हणून तो निभावून नेतो. मीटिंगला साठवायला वेळच नसतो, म्हणून आवाज आधी फाटतो.

क्रिकेटच्या दिवशी हे आणखी उघडं पडतं. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. सगळे एकाच वेळी, एकाच चेंडूवर. तुमच्या कंपनीचं नेट अशा रात्री टिकलं असेल तर तिथे कोणीतरी वाटेची मोजदाद ठेवतंय.

पहिला टप्पा चांगला आणि पुढचं वाईट असेल तर

मग पेटी निर्दोष, अडचण कंपनीच्या बाहेरच्या जोडण्यांत. इथे स्पीड टेस्ट फसवते, कारण ती आपणहून जवळचा सर्व्हर निवडते आणि तो कित्येकदा कंपनीच्या स्वतःच्या खोलीत असतो. यादीतून दुसऱ्या कंपनीचा, मुंबईतला आणि मग सिंगापूरचा सर्व्हर निवडून मोजा.

यूट्यूब-नेटफ्लिक्स मस्त आणि ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन रडतं, हे लक्षण फार बोलकं आहे. गूगल, नेटफ्लिक्स, मेटा यांच्यासारख्या कंपन्या आपले सर्व्हर इंटरनेट कंपनीच्या जागेत ठेवायला देतात. लोकप्रिय व्हिडिओ तिथूनच येतो, बाहेरच्या वाटेला हातही लावत नाही. व्हीपीएनला मात्र बाहेरच जावं लागतं, आणि ती वाट कंपनीने स्वस्तात, कमी घेतलेली असते.

दुसरं म्हणजे वळसा. देशातला डेटा देशातच एकमेकांना द्यावा म्हणून २००३मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली. मुंबईत तिच्याशिवाय डी-सिक्स, एक्स्ट्रीम आयएक्ससारखी डेटाच्या देवाणघेवाणीची ठिकाणंही आहेत. कंपनी तिथे नीट जोडलेली नसेल तर पुण्याचा डेटा मुंबईतल्याच सर्व्हरकडे जायला कधीकधी सिंगापूरला जाऊन येतो. हे ओळखणं सोपं आहे. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर धरा, दीड-दोन, वाटेतली यंत्रं धरून पाच-सात मिलिसेकंद. मुंबईतल्या सर्व्हरचा पिंग गर्दी नसताना, सकाळीसुद्धा, ६०-७० येत असेल तर डेटा बहुधा समुद्र ओलांडून आलाय.

आणि मंदी दिवसभर असेल, फक्त युरोप-अमेरिकेकडचीच असेल, तर समुद्राखालची केबल तुटली असण्याची शक्यता. जानेवारी २००८मध्ये अलेक्झांड्रियाजवळ आणि २०२४च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात असंच झालं. त्यात तुमचा लाइनमन काही करू शकत नाही. पण ज्या कंपनीने पश्चिमेकडे आणि पूर्वेकडे अशा दोन्ही वाटा घेतल्यात, तिच्याकडे त्या दिवशीही काम चालतं.

घरातली एक गर्दी

हे माझ्याच घरी घडलं म्हणून सांगतो. रोज साडेदहाला पिंग बिघडायचा आणि मी कंपनीला दोष देत होतो. साडेदहाला आम्ही चौघंही फोन चार्जिंगला लावतो. फोन चार्जिंगला आणि वायफायवर आला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागतो. अपलोड भरला की राउटरमध्ये पाकिटांची लांब रांग लागते आणि मीटिंगचा आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ नावाची सोय असेल तर ती चालू करून अपलोड-डाउनलोड प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. रांग राउटरच्या ताब्यात येते आणि तो छोट्या पाकिटांना पुढे जाऊ देतो. ती सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप पहाटेवर टाका. तपासायला सोपं: एखादी मोठी फाइल वर चढवत असताना पिंग बघा. ५वरून ३००वर गेला तर हेच आहे.

तुटतं का, आणि तुटल्यावर किती वेळ

वेगाइतकंच महत्त्व न तुटण्याला आहे. रस्ता खोदताना जेसीबीचा दात केबलला लागणं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण. खोदण्याआधी खाली कोणाच्या केबली आहेत ते विचारता यावं म्हणून सरकारने मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप काढलं. सोसायटीने पाइपलाइनसाठी खोदाई काढली तर तेही वापरावं, एवढी विनंती.

कंपनी निवडताना एक प्रश्न नक्की विचारा: ‘तुमच्या पेटीला दोन वाटा आहेत का, आणि त्या वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात का?’ एकाच चरातून दोन केबली टाकल्या तर ती एकच वाट झाली, जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. वर्तुळासारखी जोडणी असेल तर एका बाजूने तुटलं तरी डेटा उलट्या बाजूने फिरून येतो आणि तुम्हाला कळतही नाही. दुसरा प्रश्न बॅटरीचा. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली तेव्हा कोणाच्या बॅटऱ्या खऱ्या आणि कोणाच्या कागदावरच्या, हे लोकांना कळलं. घरी मोडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. आधी अडॅप्टरवरचा व्होल्टचा आणि अँपिअरचा आकडा जुळवून बघा.

तक्रार कशी लिहायची

‘नेट स्लो आहे’ असं लिहिलं तर ‘राउटर रिस्टार्ट करा’ हेच उत्तर मिळणार. वहिनींनी लिहिलेला मजकूर असा होता:

‘केबलने जोडून मोजलं आहे, वायफाय बंद. ऑप्टिकल पॉवर उणे २१.९. सकाळी ७ वाजता तुमच्या पहिल्या टप्प्याचा पिंग ४, पाकिटं गळाली ० टक्के. रात्री ९.३० वाजता त्याच टप्प्याचा पिंग ७० ते १२०, गळती ६ टक्के. सलग आठ दिवस हेच. आमच्या ओएलटीच्या अपलिंकचा रात्री ८ ते ११चा आलेख तपासावा.’

खाली स्क्रीनशॉट. आणि सोसायटीतल्या आणखी पाच घरांची तीच मोजणी, कारण एका घराचा दोष राउटरवर ढकलता येतो, सहा घरांचा येत नाही. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं. ही दोन पायऱ्यांची व्यवस्था ट्रायच्या २०१२च्या नियमांत आहे, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४पासून ट्रायचे सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम लागू झालेत, त्यांचाही उल्लेख तक्रारीत करा.

अपिलापर्यंत जावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी राउटरबद्दल एकही प्रश्न न विचारता त्यांच्या नेटवर्कच्या माणसाचा थेट फोन आला. पेटीला दहा जीबीपीएसचा पोर्ट होता, पण त्यात मॉड्यूल एक जीबीपीएसचं बसवलेलं होतं. मंगळवारी रात्री एक वाजता दहा मिनिटं नेट बंद ठेवून त्यांनी ते बदललं. बुधवारी रात्री साडेनऊला वहिनींनी दारातूनच लॅपटॉप दाखवला. पहिल्या टप्प्याचा पिंग ४, ४, ५, ४. मीटिंग चालूच होती, म्हणून बोलल्या नाहीत.